एबीएसचा पिवळा दिवा: सेन्सर बदलण्याआधी काय तपासाल?

एप्रिल २०१९ पासून देशात नव्या कारला एबीएस, म्हणजे जोराचा ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्या गाड्या आता सेकंडहँड बाजारातून विदर्भातल्या गावोगावी पोचल्या आहेत. पावसाळा सरताना आलेल्या पत्रांत मीटरवरच्या पिवळ्या दिव्याचीच तक्रार जास्त आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच: ‘मशीनवर सेन्सरचा कोड आला, सेन्सर बदलला, दिवा तसाच.’ म्हणून या अंकात सगळी जागा याच एका विषयाला दिली आहे.

पावसात गाडी पांदण रस्त्यानं वावरात नेली होती. दोन दिवसांनी एबीएसचा दिवा लागला. चावी ऑन केली की विझतो, पण गाडी ताशी वीसच्या आसपास गेली की पुन्हा लागतो. गॅरेजवाल्यानं मशीन लावून ‘डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर’ असं सांगितलं. नवा सेन्सर टाकावा का?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

अजून टाकू नका. मशीननं दाखवलेल्या दोषाच्या कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की त्या चाकाकडून येणारा सिग्नल एबीएस मॉड्यूलला, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या कंट्रोल बॉक्सला, पटलेला नाही. तो सिग्नल चार गोष्टींतून जातो: चाकाबरोबर फिरणारी रिंग, तिच्यासमोर बसून वेग टिपणारा सेन्सर, तिथून निघालेली वायर आणि कपलर (वायर जोडणारा प्लग). चौघांपैकी कुणीही बिघडलं तरी कोड बहुतेक वेळा तोच येतो.

दिवा केव्हा लागतो, ही तुम्ही दिलेली माहिती फार कामाची आहे. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंदांनी दिवा विझायला हवा. तो विझलाच नाही तर मॉड्यूलला उभ्या गाडीतच दोष दिसला, म्हणजे वायर तुटलेली, शॉर्ट झालेली, नाहीतर फ्यूज गेलेला. तुमच्याकडे तो विझतो आणि गाडी पळाल्यावर लागतो. म्हणजे उभ्या गाडीत सर्किट पूर्ण आहे, पण तीन चाकं वेग सांगत असताना चौथं गप्प आहे किंवा अडखळतंय. तेव्हा संशय आधी रिंग, चिखल आणि सेन्सरच्या टोकावर घ्यायचा, आणि नंतर अशा वायरवर जी गाडी उभी असताना जुळलेली असते पण चाक वर-खाली झालं की सुटते.

काळ्या मातीचा गारा इथे दोन प्रकारे त्रास देतो. तो रिंग आणि सेन्सरच्या मध्ये बसून वाळतो, आणि त्यात अडकलेला खडा सेन्सरचं टोक घासून काढतो. शिवाय आपल्या मातीत बेसॉल्टमधून आलेले लोहखनिजाचे बारीक कण असतात. कोरड्या मातीतून चुंबक फिरवा, काळी भुकटी चिकटलेली दिसेल. ज्या सेन्सरच्या टोकाशी चुंबक असतं, तो हीच भुकटी आणि ब्रेक डिस्कचा लोखंडी कीस धरून बसतो.

काम या क्रमानं करा. गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. डावं पुढचं चाक जॅकनं उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर हात आत घालू नका. चाक काढा. सेन्सरपासून बॉडीपर्यंत वायर बोटानं चाचपत जा. ती ज्या क्लिपांत बसते त्यातली एखादी सुटली असेल तर वायर टायरला किंवा शाफ्टला घासते. पऱ्हाटीच्या खुंटानं क्लिप तुटणं आणि वायर ओढली जाणं आपल्याकडे वरचेवर होतं. शॉक अ‍ॅब्झॉर्बरजवळ वायर वाकते, तिथे बाहेरून धड दिसली तरी आतली तार तुटलेली असू शकते. ती जागा दोन्ही हातांनी हलकी वाकवून बघा. मऊ, पोकळ लागली तर दोष तिथेच आहे.

मग कपलर उघडा. पिनांवर हिरवा गंज किंवा पाणी दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवा, वाळवा, पिन सैल नाही ना बघा. सीलचं रबर फाटलं असेल तर तुमचा दोष कदाचित इथेच सापडला.

आता मल्टिमीटर. त्याआधी तुमचा सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते ठरवा, कारण दोन्ही जातींची तपासणी वेगळी आहे. कपलर सुटा ठेवून, चावी ऑन करून, गाडीच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये डीसी व्होल्ट मोजा. ५ ते १२ व्होल्टचा सप्लाय दिसला तर सेन्सर अ‍ॅक्टिव्ह आहे. दोन-अडीच व्होल्ट किंवा त्याहून कमी दिसले तर बहुधा पॅसिव्ह. एक सावधगिरी: काही गाड्यांत दोष पकडल्यावर मॉड्यूल त्या सेन्सरचा सप्लाय बंद करतं. म्हणून चावी बंद करून पुन्हा ऑन करा आणि लगेच मोजा.

पॅसिव्ह सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. चावी बंद करून त्याचा रेझिस्टन्स मोजा. साधारण ८०० ते २००० ओम येतो, पण नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. म्हणून उजव्या पुढच्या सेन्सरचाही मोजा आणि दोन्ही ताडून बघा. ते जवळजवळ सारखे हवेत. मोजताना वायर हलवत राहा. आकडा उडाला तर वायर आतून तुटली आहे. मग एक प्रोब सेन्सरच्या पिनला आणि दुसरी बॉडीला लावा. इथे काहीही वाचन यायला नको. शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि चाक हातानं सेकंदाला एक फेरा या गतीनं फिरवा. एवढ्यात निदान ०.१ ते ०.२ व्होल्ट यायला हवेत आणि जोरात फिरवलं की वाढायला हवेत. रेझिस्टन्स बरोबर असून व्होल्ट कमी आले तर सेन्सर चांगला आहे. दोष अंतरात, घाणीत किंवा रिंगमध्ये आहे.

अ‍ॅक्टिव्ह सेन्सरला ओम लावून काही कळत नाही. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, आणि तो करंट बदलून बोलतो: साधारण ७ मिलिअँपियर, मग १४, मग पुन्हा ७. तपासायचा तर कपलरपासून वेगळा करून १२ व्होल्टच्या लाइनमध्ये १०० ओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून सप्लाय द्या. प्लस-मायनस उलटं होऊ देऊ नका. रेझिस्टरच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट बघत चाक अगदी हळू, एकेक बोट सरकवा. आकडा ०.७ आणि १.४ च्या मध्ये उड्या मारत राहिला तर सेन्सर आणि रिंग दोन्ही जिवंत आहेत. एकाच आकड्यावर अडून बसला तर आधी रिंग बघा, मग सेन्सर.

तुमच्या बाबतीत मी सेन्सर काढून नुसता साफ करण्यापासूनच सुरुवात करीन. बोल्टला बहुतेक वेळा दहाचा पाना लागतो. बोल्ट निघाला तरी सेन्सर गंजानं धरून बसतो. स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका, प्लास्टिकचा कान तुटतो आणि चांगला सेन्सर हकनाक जातो. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा, मग डावी-उजवीकडे फिरवत वर घ्या. भोकातला आणि बैठकीवरचा गंज पॉलिश पेपरनं काढा. बैठकीवर गंज फुगला की सेन्सर वर उचलला जातो, रिंगपासून दूर जातो आणि सिग्नल मरतो. निम्मं काम या बैठकीतच असतं. बसवताना बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटरपेक्षा जास्त आवळू नका.

सगळं जोडल्यावर कोड पुसा आणि गाडी ताशी २० च्या वर चालवा. काही गाड्यांत दुरुस्ती बरोबर झाली तरी चारही चाकांचा सिग्नल नीट दिसेपर्यंत दिवा विझत नाही. उभ्या गाडीत दिवा दिसतोय म्हणून काम फसलं असं समजू नका.

गाडी थांबताना, अगदी शेवटच्या आठ-दहाच्या वेगाला ब्रेक पेडलखाली कटकट वाजते आणि गाडी किंचित पुढे सरकते. कोरड्या डांबरी रस्त्यावरही होतं. दिवा मात्र लागत नाही. दोन गॅरेजांत डिस्क घासून झाली.
— एक संत्रा उत्पादक, मोर्शी, जि. अमरावती

डिस्क वाकडी असेल तर पेडलची थरथर मोठ्या वेगातही जाणवते आणि वेग उतरेल तशी संथ होत जाते. तुमच्या पत्रात ती फक्त शेवटच्या क्षणी आहे. हे एबीएसचं खोटं काम आहे: चाक सरकत नसताना मॉड्यूलला ते सरकतंय असं वाटतं, आणि ते ब्रेकचा दाब सोडतं. थांबायच्या जागेच्या पुढे गाडी जाते म्हणून हा दोष दिव्याच्या दोषापेक्षा जास्त गंभीर धरा. चौकात समोर माणूस असेल तर तो एक फूटही महाग पडतो.

खात्री करायची तर रिकाम्या मैदानात, ताशी १५ च्या आत, एबीएसचा फ्यूज काढून दोन-चार वेळा थांबून बघा. कटकट गेली तर दोष एबीएसच्या सिग्नलचा आहे. फ्यूज लगेच परत बसवा. त्याविना रस्त्यावर जाऊ नका, कारण मागच्या चाकांचा ब्रेक आवरणारी ईबीडीची सोयही त्याबरोबर बंद झालेली असते.

मूळ कारण बहुतेक वेळा रिंगमध्ये सापडतं. बऱ्याच गाड्यांत पुढची दातेरी रिंग ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटवर दाबून बसवलेली असते. तिच्याखाली गंज फुगला की रिंग तडकते. तडकलेल्या जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात सिग्नल तिथे क्षणभर उशिरा येतो आणि मॉड्यूलला वाटतं, चाक एकदम थांबायला लागलं. वेगात हा खड्डा बाकीच्या शेकडो ठोक्यांत बुडून जातो. हळू वेगात ठोके मोजकेच असतात, त्यात पॅसिव्ह सेन्सरचा व्होल्टेजही खाली आलेला असतो, तेव्हा तोच खड्डा मोठा दिसतो. दोष फेऱ्यात एकदाच आणि क्षणभर येतो म्हणून तो कोडपर्यंत पोचत नाही.

चाक उचला, टायरवर खडूनं खूण करा आणि एक पूर्ण फेरा हळूहळू फिरवत बॅटरीच्या उजेडात रिंगचा प्रत्येक दात बघा. तडा केसाएवढा असतो, ब्रशनं गंज झाडल्याशिवाय दिसत नाही. नंतर फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेन्सर आणि रिंगमधलं अंतर चार ठिकाणी मोजा. बहुतेक गाड्यांत ते ०.५ ते १.५ मिमीच्या दरम्यान असतं. एकाच फेऱ्यात ते कमी-जास्त होत असेल तर रिंग वाकडी आहे किंवा बेअरिंगला खेळ आहे. टायर वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर आधी बेअरिंग.

स्कॅनर मिळाला तर काम सोपं होतं. चारही चाकांचा वेग एकाच पडद्यावर लावा. एकानं गाडी सरळ रस्त्यावर ताशी १५ वरून हळूहळू थांबवावी, दुसऱ्यानं पडद्याकडे बघावं. एकट्यानं दोन्ही करू नका. जे चाक बाकीच्यांच्या आधी शून्यावर उडी मारतं किंवा मध्येच दचकतं, ते दोषी.

तडकलेली रिंग वेल्डिंगनं सांधू नका. सांध्याचा उंचवटा सेन्सरला दात वाटतो आणि दुसराच दोष उभा राहतो. नवी रिंग घ्या, आणि घेताना जुनीचे दात मोजून न्या. ४८ दातांच्या जागी ४४ ची बसली तर गाडी ६० नं चालताना मॉड्यूलला ते चाक ५५ नं फिरताना दिसेल. बाजारातला स्वस्त ड्राइव्ह शाफ्ट बसवल्यावर दिवा लागण्याचं कारणही पुष्कळदा हेच असतं, किंवा त्या शाफ्टवर रिंगच नसते.

पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं, त्याच संध्याकाळी एबीएसचा दिवा लागला. आधी कधी लागला नव्हता. मिस्त्री म्हणतात सेन्सर जुना झाला असेल.
— एक वाचक, देसाईगंज, जि. गडचिरोली

बेअरिंग बदलताच दिवा लागला तर सेन्सर त्याच दिवशी म्हातारा झाला असं मानायला आधार नाही. अ‍ॅक्टिव्ह सेन्सरच्या अनेक गाड्यांत दातेरी रिंग नसतेच. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी बसवलेली असते, तिच्यावर उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीनं येतात. ही बाजू सेन्सरकडे यायला हवी. बेअरिंग उलटं दाबलं गेलं तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, चाकही सुरेख फिरतं, पण सेन्सरला समोर साधं सील दिसतं.

मॅग्नेटिक व्ह्यूइंग कार्ड नावाचं हिरवट फिल्मचं कार्ड मिळतं. सेन्सर काढून त्याच्या भोकाजवळ किंवा सीलवर ते धरा. चुंबकीय बाजू असेल तर बारीक, समान अंतरावरच्या रेघा उमटतात. काहीच उमटलं नाही तर बेअरिंग उलटं आहे, किंवा चुंबकीय पट्टी नसलेलं बेअरिंग तुम्हाला विकलं गेलं आहे. रेघा मध्येच तुटल्या असतील तर प्रेसवर दाबताना पट्टीला मार बसलाय.

उलटं बसलेलं बेअरिंग काढून तेच सरळ बसवायचा मोह टाळा. हब ओढून काढताना जोर गोळ्यांवर येतो आणि बेअरिंग आतून दुखावतं; महिन्या-दोन महिन्यांत घरघर सुरू होईल. नवंच घ्यावं लागेल. या वेळी बसवण्याआधी, दुकानातच, दोन्ही बाजूंवर कार्ड धरून चुंबकीय बाजू ओळखा आणि तिच्यावर मार्करनं खूण करा. अशी बेअरिंगं लोखंडी कीस पडलेल्या टेबलावर ठेवायची नाहीत. चुंबक असलेली टॉर्च किंवा जुन्या स्पीकरचं चुंबकही त्यांच्याजवळ नको.

गाडी कापसाच्या गंजीजवळ उभी असते. उंदरांनी मागच्या चाकाच्या सेन्सरची वायर कुरतडली. जोड दिला तर चालतो का?
— एक शेतकरी, चिखली, जि. बुलढाणा

कुठे कुरतडली त्यावर आहे. बॉडीच्या आत, न हलणाऱ्या भागात असेल तर जोड चालतो. चाक आणि बॉडीच्या मधला, वर-खाली होणारा भाग असेल तर वायरसकट नवा सेन्सर घ्या. तिथला जोड दोन महिन्यांत पुन्हा तुटतो.

जोड देताना दोन्ही तारांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका, ३-४ सेंमी पुढे-मागे ठेवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. सोल्डर करा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा आणि गरम करून गोंद बाहेर डोकावेपर्यंत आवळू द्या. या दोन तारा एकमेकींना पीळ घातलेल्या असतात, तो पीळ जोडानंतरही तसाच ठेवा. बाकी वायरिंगमधला विजेचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून तो असतो. अ‍ॅक्टिव्ह सेन्सरच्या तारा उलट-सुलट करू नका, रंगाला रंग जोडा. आणि मागची सीट उचलून बघा: अनेक गाड्यांत मागच्या सेन्सरचे कपलर सीटखाली असतात, उंदीर तिथेही शिरलेले असतात.

मागे दोन जुने टायर मिळाले ते टाकले. तेव्हापासून दहा-पंधरा मिनिटं गाडी चालली की दिवा लागतो, बंद करून चालू केली की विझतो. टायर आणि एबीएसचा संबंध काय?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

सरळ संबंध आहे. मॉड्यूल चाकाचे फेरे मोजतं, टायरचा घेर त्यानं गृहीत धरलेला असतो. तुम्ही पाठवलेले आकडे पाहिले: पुढे १८५/६५ आर १५, मागे १६५/७० आर १४. पहिल्याचा बाहेरचा व्यास ६२२ मिमीच्या आसपास, दुसऱ्याचा ५८७. म्हणजे पुढची चाकं ताशी ६० दाखवतात तेव्हा मागची साडेत्रेसष्टच्या पुढे असतात. थोडा वेळ फरक राहिला तर मॉड्यूल वळण समजून सोडून देतं. सरळ रस्त्यावर तो दहा-पंधरा मिनिटं टिकला की त्याला सेन्सर खोटं बोलतोय असं वाटतं. तुमचे चारही सेन्सर निर्दोष असतील.

रिम लहान म्हणजे टायर चुकीचा असं मात्र नाही. त्याच १८५/६५ आर १५ च्या गाडीला १६५/८० आर १४ ची स्टेपनी लावली तर व्यास ६२० मिमी येतो, फरक जवळजवळ नाही. म्हणून कंपनीची लहान रिमची स्टेपनी लावून दिवा लागत नाही. झिजलेल्या आणि नव्या टायरमधला फरकही साधारण दोन टक्क्यांपर्यंत राहतो, तो सहसा खपतो. व्यास काढायची रीत: रिमचे इंच (‘आर’नंतरचा आकडा) गुणिले २५.४, त्यात टायरच्या रुंदीच्या (पहिला आकडा) तिरप्या रेघेनंतरच्या आकड्याइतक्या टक्क्यांची दुप्पट मिळवा.

तालुक्याच्या गॅरेजात चारही चाकांच्या सेन्सरचे कोड आले. ब्रेकचा लाल दिवाही लागलाय. आमच्याकडे कोळशाची धूळ फार, तिनं सेन्सर खराब झाले असतील का?
— एक वाचक, वणी, जि. यवतमाळ

कोळशाची धूळ चुंबकाला चिकटत नाही, तिनं चार सेन्सर एकदम जाणार नाहीत. चारही कोड एकत्र आले तर चार सेन्सर विकत घेऊ नका, चौघांना जोडणारी एकच जागा शोधा. बॅटरीचे टर्मिनल सैल किंवा पांढरे पडलेत का? इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट येतात का? एबीएस मॉड्यूलचे फ्यूज बहुतेक गाड्यांत एकाहून जास्त असतात आणि मोठे असतात, सगळे काढून बघा. मॉड्यूलची अर्थिंग जिथे बॉडीला बोल्टनं बसते ती जागा घासून घट्ट करा. मॉड्यूलचा मोठा कपलर उघडून आत पाणी शिरलं नाही ना बघा. इंजिन बे प्रेशरनं धुतल्यावर हे होतं. बंपर गार्ड किंवा टोइंग हूक वेल्डिंग करून घेतला असेल तर तेही आठवा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचं मायनस काढलं नसेल तर मॉड्यूलला धक्का बसू शकतो.

लाल दिव्याकडे मात्र आजच बघा. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का, ब्रेक ऑइलची पातळी बाटलीवरच्या खालच्या खुणेच्या वर आहे का? पातळी खाली असेल तर लायनर संपलेत किंवा कुठे गळती आहे, नुसतं भरून भागणार नाही. पातळी ठीक असून लाल-पिवळा दोन्ही दिवे लागलेले असतील तर ईबीडी बंद पडली आहे. जोराचा ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकून गाडीची शेपटी फिरू शकते. अशा गाडीनं नागपूरचा प्रवास करू नका. गावातल्या गॅरेजपर्यंत, हळू, तेवढंच.

ब्लूटूथचं छोटं यंत्र मागवलं, मोबाइलवर इंजिनचे कोड दिसतात पण एबीएसचं काहीच नाही. यंत्र खराब आहे का?
— एक तरुण वाचक, मेहकर, जि. बुलढाणा

नाही. अशा यंत्रांबरोबरची साधी अ‍ॅप्स इंजिन आणि धुरासंबंधीचे, म्हणजे ‘पी’नं सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे कोड ‘सी’नं सुरू होतात आणि ते वाचायला तुमच्या कंपनीच्या गाडीचं एबीएस ओळखणारं अ‍ॅप किंवा स्कॅनर लागतो. घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: माझ्या मॉडेलच्या चारही चाकांचा वेग हा थेट दाखवतो का? तेवढं दाखवत असेल तर सेन्सरच्या कामाला तो पुरतो.

दिवाळीत कुटुंबासह चिखलदऱ्याला जायचंय. एबीएसचा पिवळा दिवा लागलेला आहे, लाल नाही. भाग ऑर्डर केलाय, यायला वेळ आहे. जाऊ का? एका ओळखीच्यानं बल्बच काढून टाकायला सांगितलंय.
— एक शिक्षिका, अकोट, जि. अकोला

बल्ब काढू नका. उद्या लाल दिव्याच्या आधी हाच दिवा तुम्हाला सावध करणार आहे, आणि गाडी पुढे कुणी विकत घेईल त्यालाही तो दिसायला हवा.

फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक पूर्ण काम करतात. बंद असतं ते चाक अडकू न देण्याचं काम. ज्या गाड्यांत ईएससी (घसरती गाडी सावरणारी सोय) आणि चढावर गाडी धरून ठेवणारी सोय असते, त्यांत बहुधा त्याही बंद असतात, म्हणून परतवाड्याहून वर चढताना चढावर थांबलात तर हँडब्रेकच्या आधारानं गाडी उचला. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरू नका. ओलं, धुकं किंवा पानांनी निसरडं झालेलं वळण आलं तर वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर उतरवा. अचानक जोराचा ब्रेक मारावा लागला आणि टायर किंचाळले तर पेडल क्षणभर सैल करून पुन्हा दाबा; चाक अडकलेलं असताना स्टिअरिंग फिरवून गाडी वळत नाही.

निघण्याआधी रिकाम्या रस्त्यावर ताशी ३० च्या वेगाला दोन-तीन वेळा जरा जोरात ब्रेक मारून बघा. गाडी एका बाजूला ओढली, पेडल खोल गेलं किंवा लाल दिवा क्षणभर जरी लुकलुकला, तर त्या दिवशी एसटीनं जा.